बिडी, टीबी आणि स्मॉल सेल: फुप्फुसाच्या सगळ्यात घाईच्या कॅन्सरबद्दल

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात छातीच्या फोटोत डाग दिसला की पहिलं नाव निघतं टीबीचं. त्यात गैर काही नाही, आपल्याकडे टीबी आहेच तेवढा. साठीतला कास्तकार, विशीपासून बिडी, दोन महिन्यांचा खोकला, कपडे ढगळ झालेले, जेवण उतरत नाही, संध्याकाळी अंगात कणकण. हे वर्णन टीबीचं आहे आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचंही आहे. असे शंभर जण रांगेत उभे केले तर टीबीचेच जास्त निघतील. अडचण त्या थोड्यांची आहे ज्यांना टीबी नाही, आणि त्यातही ज्यांना 'स्मॉल सेल' नावाचा कॅन्सर आहे त्यांची. टीबीच्या गोळ्यांवर वाट बघण्यात दोन महिने गेले, तर या आजारात उपचारांची सगळी दिशाच बदलून जाते.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण घरचे लोक नेमकं उलटं समजून बसलेले असतात. या कॅन्सरवरचं मुख्य औषध जुनं आहे, स्वस्त आहे, नागपूर-वर्ध्याला मिळतं आणि सरकारी योजनेत बसतं. रुग्ण हातचे जातात ते बहुतेक करून तिथवर पोचायला लागलेल्या वेळामुळे.

फुप्फुसाच्या कॅन्सरची ढोबळमानाने दोन घराणी आहेत. शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास रुग्ण नॉन-स्मॉल सेल प्रकारचे असतात आणि उरलेले स्मॉल सेलचे. भारतात फुप्फुसाच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे ८० हजार नवे रुग्ण धरले जातात, म्हणजे स्मॉल सेल तसा कमीच दिसणारा आजार. तालुक्याच्या डॉक्टरला वर्षात एखाद-दुसरा भेटेल. म्हणूनच तो पटकन डोक्यात येत नाही.

नाव पडलं ते सूक्ष्मदर्शकाखालच्या दिसण्यावरून: बारीक पेशी, आत नुसतं केंद्रक भरलेलं, भोवती जेमतेम काही. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी दोन जनुकं, टीपी५३ आणि आरबी१, या कॅन्सरमध्ये जवळपास नेहमीच निकामी झालेली असतात. त्यामुळे गाठ काही आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. उपचारच घेतले नाहीत तर बहुतेक रुग्णांच्या हातात दोन ते चार महिने असतात. निदान होतं तेव्हा तीनपैकी दोन रुग्णांत तो छातीच्या बाहेर, म्हणजे यकृत, हाडं, मेंदू किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथींपर्यंत गेलेला असतो.

तंबाखूच्या धुराशी याचं नातं इतकं घट्ट आहे की शंभरातले पंच्याण्णवच्या वर रुग्ण बिडी-सिगारेट ओढणारे असतात. गोंदिया-भंडाऱ्यात घरोघरी बिड्या वळल्या जातात, मे महिन्यात गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम चालतो, आणि 'बिडी पानाची असते, सिगारेटीइतकी वाईट नाही' हे वाक्य मी आजही ऐकतो. बिडीचं पान नीट जळत नाही. ती विझू नये म्हणून माणूस सारखे आणि खोल झुरके घेतो. धूर कमी जात नाही, जास्तच जातो. खर्रा वेगळा: त्याचा मार मुख्यतः तोंडावर. आणि हो, कॅन्सर निघाल्यावर 'आता सोडून काय फायदा' म्हणणाऱ्यांसाठी: किरणोपचार चालू असताना ओढत राहणाऱ्यांचं आयुष्य कमी भरतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

टीबी की आणखी काही, हे ओळखायचं कसं

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडका तपासायला द्यायचा, हे आता आशाताईसुद्धा सांगतात. सीबीनॅट मशीनवर टीबीचा जंतू निघाला तर टीबीचा उपचार, प्रश्न मिटला. (पूर्ण मिटत नाही, टीबी आणि कॅन्सर एकाच छातीत असू शकतात.) खरी गल्लत होते ती बेडक्यात काही सापडत नाही आणि नुसत्या फोटोवरून गोळ्या सुरू होतात तेव्हा. नियमात हे बसतं, कधी कधी करावंही लागतं. मात्र अशा वेळी डॉक्टरने आणि घरच्यांनी एक तारीख ठरवून ठेवावी. बिडी ओढणारा, चाळीशी ओलांडलेला माणूस, बेडका निगेटिव्ह, आणि तीन-चार आठवडे गोळ्या घेऊनही वजन वाढत नाही, भूक येत नाही, किंवा दुसऱ्या फोटोत सावली मोठी दिसते: त्या दिवशी सीटी स्कॅनची चिठ्ठी मागायची. सहा महिन्यांचा कोर्स संपायची वाट बघायची नाही.

म्हणून जुने फोटो टाकू नका. रुग्ण बहुधा बियाण्याच्या कंपनीच्या पिशवीत फिल्मा घेऊन येतात, गुंडाळलेल्या, उन्हाने एकमेकींना चिकटलेल्या. त्या सोडवून कोपऱ्यातल्या तारखांप्रमाणे उजेडासमोर लावल्या की कधी कधी निदान समोरच उभं राहतं. पोळ्याच्या वेळच्या फोटोत फुप्फुसाच्या मुळाशी दोन बोटं जाड सावली, दसऱ्याच्या फोटोत तीन बोटं, दिवाळीनंतरच्या फोटोत त्या बाजूचा अर्धा भाग पांढरा. एकेकटा फोटो बघणाऱ्या तीन डॉक्टरांना ते दिसलं नसतं. टीबी सहसा फुप्फुसाच्या वरच्या भागात बसतो. स्मॉल सेल बहुतेक वेळा मधोमध, मोठ्या श्वासनळ्यांजवळ सुरू होतो. हा पक्का नियम नव्हे, पण शंका घ्यायला पुरे.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्या दिसल्या तर त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात जायला हवं.

पहिली म्हणजे चेहऱ्यावरची सूज. सकाळी उठल्यावर डोळे-गाल फुगलेले, सदऱ्याचं वरचं बटण लागेनासं झालेलं, मानेच्या आणि छातीच्या शिरा तट्ट दिसतात, वाकलं की डोकं भरून येतं. घरचे म्हणतात ॲलर्जी झाली. प्रत्यक्षात डोक्याकडचं रक्त हृदयात आणणारी मोठी शीर गाठीने दाबली जात असते. अशा वेळी गावात स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळतं, सूज थोडी उतरते आणि आणखी दहा दिवस जातात. शिवाय आजार स्मॉल सेल नसून लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) असेल तर तपासणीसाठी तुकडा काढण्याआधी, म्हणजे बायोप्सीआधी, दिलेल्या स्टेरॉइडने त्याचं निदान बिघडू शकतं. श्वास अगदी अडत नसेल तर आधी तपासणीची सोय करा.

दुसरी खूण जास्त फसवी आहे. चांगला हिंडता-फिरता म्हातारा एकाएकी असंबद्ध बोलायला लागतो, झोपून राहतो, मुलाला ओळखत नाही. "बुढ्याले बाहेरचं लागलं," म्हणून अंगारा होतो, भगताकडे फेरी होते. स्मॉल सेलच्या पेशी शरीरातलं पाणी अडवून ठेवणारं संप्रेरक तयार करू शकतात. त्यामुळे रक्तातलं सोडियम उतरतं. ते १३५ ते १४५ असायला हवं, अशा रुग्णांत ११५ सुद्धा निघतं. आपल्याकडच्या ४५ डिग्रीच्या उन्हाळ्यात अशक्त माणसाला भरपूर पाणी पाजणं आणि सलाईनची बाटली लावणं हे दोन उपाय कुणीही न विचारता करतं. इथे त्या दोन्हींनी सोडियम आणखी खाली जाऊ शकतं. साधी, स्वस्त रक्ततपासणी आहे, तालुक्यालाही होते. बिडी ओढणाऱ्या माणसाच्या डोक्यात असा अचानक गोंधळ झाला तर सोडियम आणि छातीचा फोटो, दोन्ही करायचे.

क्वचित कुणाला खाली मांडी घालून बसल्यावर उठता येत नाही, मांड्यांत जोरच नसतो, तोंड कोरडं पडतं. ही लॅम्बर्ट-ईटन नावाची भानगड. शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरशी लढताना स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटते. कॅन्सर कळायच्या काही महिने आधी ही खूण दिसू शकते. वाताचं म्हणून तेल चोळलं जातं.

तुकडा

"साहेब, तुकडा काढला का पसरते म्हनतात. आमच्या गावात एकाचं तसंच झालं." हे वाक्य मला दर वेळी ऐकावं लागतं, आणि मी त्याला हसत नाही, कारण बोलणाऱ्याने जे पाहिलं ते खरं असतं. तुकडा काढला आणि महिन्या-दीड महिन्यात माणूस गेला. पण आजार किती वेगाचा आहे ते वर सांगितलं. तो माणूस तुकडा काढायच्या आधीच पसरलेल्या अवस्थेत होता. सुई लागली म्हणून गाठ पसरली असं झालं नाही. उलट तुकड्याशिवाय किमो सुरू होत नाही, कारण टीबी, लिम्फोमा, नॉन-स्मॉल सेल आणि स्मॉल सेल या चौघांची औषधं वेगवेगळी आहेत, आणि फोटोवरून किंवा सीटीवरून त्यांची खात्रीने फारकत होत नाही.

तुकडा काढायचा तर सगळ्यात सोपी जागा आधी शोधायची. मानेच्या खालच्या बाजूला गाठ हाताला लागत असेल तर बारीक सुईने तिथूनच काम होतं, पाच मिनिटांत. छातीत पाणी झालं असेल तर ते काढून त्यातल्या पेशी तपासता येतात. नाहीतर दुर्बीण: घसा बधिर करून पातळ नळी श्वासनळीत घालतात आणि चिमट्याने आतून बारीक तुकडे घेतात. स्मॉल सेल मधोमध असतो म्हणून दुर्बिणीच्या टप्प्यात बहुधा येतो. श्वासनळीच्या बाहेरच्या गाठींसाठी टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण असते, ईबस म्हणतात तिला. ती मोठ्या केंद्रांतच मिळते. त्याच बैठकीत टीबीसाठीही नमुना पाठवायला सांगा.

या पेशी फार नाजूक. चिमट्यात चिरडल्या जातात आणि पॅथॉलॉजिस्टला काळपट रेघोट्यांशिवाय काही दिसत नाही. 'नमुना अपुरा, पुन्हा पाठवा' असा शेरा आला की घरचे चिडतात. पण दुसऱ्यांदा करावं लागणं या आजारात नवल नाही. एकाच वेळी तीन-चार तुकडे घेतलेले बरे.

रिपोर्ट हातात आला की तो इंग्रजीत असतो आणि घाबरवणारा असतो. त्यात आयएचसी म्हणून एक भाग येतो. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६, आयएनएसएम१ ही नावं 'पॉझिटिव्ह' लिहिलेली असतील तर गाठ मज्जातंतूंसारखे गुण असलेल्या पेशींची आहे असा अर्थ. केआय-६७ च्या पुढे टक्के असतात: किती पेशी वाढीच्या धांदलीत आहेत त्याचं माप. स्मॉल सेलमध्ये ते ८०-९० टक्के असणं नेहमीचंच. हा आकडा बघून हबकायला नको, त्याने निदानच पक्कं होतं. हाच आकडा फार कमी असेल तर उलट पॅथॉलॉजिस्टला पुन्हा विचारावं, कारण कार्सिनॉइड नावाची सौम्य गाठ चिरडलेल्या तुकड्यात स्मॉल सेलसारखी दिसू शकते, आणि तिचा उपचार अगदीच निराळा.

इथे पैसे वाचवण्याची एक जागा आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरला सरसकट ईजीएफआर, एएलके, पीडी-एल१ अशा महागड्या तपासण्या लिहून दिल्या जातात. नॉन-स्मॉल सेलमध्ये त्यांवर औषध ठरतं, तिथे त्या करायलाच हव्यात. बिडी ओढणाऱ्या माणसाचा रिपोर्ट स्वच्छ स्मॉल सेलचा असेल तर त्यांनी उपचार बदलत नाही. कधीच धूर न घेतलेल्या माणसात स्मॉल सेल निघाला, तर मात्र विचारा, तिथे कारण वेगळं असू शकतं. रिपोर्टसोबत स्लाइड आणि मेणातला ब्लॉक मागून घ्या. दुसऱ्या दवाखान्यात गेल्यावर पुन्हा दुर्बीण घालावी लागत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमो आणि किरणोपचार बसतात. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि आता राज्यातल्या सगळ्या रहिवाशांसाठी ती खुली आहे. मंजुरीसाठी बायोप्सीचा कागद मागतात. म्हणजे तुकडा टाळला की योजनाही टळते. योजनेच्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठा, बिलाच्या खिडकीवर नंतर जा.

किती पसरलाय

कॅन्सरच्या चार पायऱ्या लोकांना माहीत असतात, 'कितव्या स्टेजला आहे?' हा पहिला प्रश्न असतो. स्मॉल सेलमध्ये रोजच्या कामाला दोनच भाग वापरतात. आजार छातीच्या एका बाजूला आणि आसपासच्या गाठींत असा आहे की किरणांच्या एका चौकटीत सगळा मावेल, तर मर्यादित. त्यापलीकडे गेला असेल तर पसरलेला. पहिल्यात बरं करण्याच्या हेतूने उपचार होतात. दुसऱ्यात आयुष्य वाढवणं आणि त्रास कमी करणं हा हेतू असतो. यासाठी छाती-पोटाचा सीटी आणि मेंदूचा एमआरआय लागतो. मर्यादित वाटत असेल तर पेट-सीटी जरूर करावा, कारण लपलेला डाग सापडला तर सगळा बेत बदलतो. पण सीटीतच यकृतावर चार गाठी दिसत असतील तर पेटच्या तारखेसाठी नागपुरात दहा दिवस मुक्काम ठोकण्यात अर्थ नाही. तेवढ्यात पहिली किमो झालेली बरी.

"ऑपरेशन करून काढून टाका ना." काढता येत नाही असं नव्हे, काढून उपयोग होत नाही. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांची समोरासमोर तुलना झाली. दहा वर्षांचे निकाल १९७३ मध्ये आले आणि त्यात शस्त्रक्रिया मागे पडली. अगदी छोटी, कुठेही न पसरलेली गाठ योगायोगाने सापडली तर काढतात. असे रुग्ण फारच थोडे.

मुख्य उपचार म्हणजे सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन, सोबत इटोपोसाइड. ही जोडी १९८० च्या दशकापासून चालत आलेली आहे. पहिल्या दिवशी दोन्ही औषधं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नुसतं इटोपोसाइड, मग सुट्टी. २१ दिवसांनी पुन्हा. असे चार ते सहा फेरे. सिस्प्लॅटिनला मूत्रपिंडं चांगली लागतात आणि सलाईनही बरंच चढवावं लागतं, म्हणून वयस्कर रुग्णांत कार्बोप्लॅटिन सोयीचं.

आजार मर्यादित असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या फेऱ्याबरोबरच किरणं, म्हणजे लोकांच्या भाषेत शेक, सुरू करतात. त्याची एक पद्धत दिवसातून दोनदा शेक देण्याची: तीन आठवडे, एकूण ३० वेळा, दोन शेकांत किमान सहा तासांचं अंतर. १९९९ च्या अमेरिकन अभ्यासात तेवढाच डोस रोज एकदा देण्यापेक्षा या पद्धतीने पाच वर्षं जगणारे १६ वरून २६ टक्क्यांवर गेले. दुसरी पद्धत रोज एकदाच, पण जास्त डोसची, साडेसहा आठवड्यांची. २०१७ च्या अभ्यासात ती पहिलीच्या बरीच जवळ आली. उमरखेड किंवा सिरोंच्याच्या माणसाने यातलं काय घ्यावं? दोन्हींत नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगीला मुक्काम आलाच, रोज ये-जा होत नाही. हंगाम तोंडावर असेल आणि घरात एकच कमावता असेल तर तीन आठवड्यांची पद्धत मला सरस वाटते, जिथे ती देतात तिथे. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री-एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे. दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो.

आजार पसरलेला असेल तर नुसती किमो, आणि इथे स्मॉल सेलची एक चांगली बाजू आहे. इतर बहुतेक कॅन्सरमध्ये खाटेला खिळलेल्या रुग्णाला किमो देऊ नये म्हणतात. इथे माणूस या आजारामुळेच आडवा झाला असेल, तर किमो त्याला उठवू शकते. चेहरा सुजलेला, ऑक्सिजनवर आणलेला म्हातारा दुसऱ्या फेऱ्याला एसटीने बसून आलेला मी पाहिलाय. तेव्हा 'आता काही राहिलं नाही, घरी न्या' असं कुणी दारातूनच सांगितलं तर एकदा कॅन्सरच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय ऐकू नका. दाखवायच्या जागा: नागपूरचं मेडिकल कॉलेज, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, सेवाग्राम, सावंगी. मुंबईच्या टाटाला जायचंच असेल तर जा, पण पहिला फेरा इथे घेऊन जा. औषध तेच आहे.

दहाव्या दिवसाचा ताप

गावातल्या घरासाठी या लेखातलं सगळ्यात कामाचं कदाचित हेच. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप आला तर तो नेहमीचा ताप समजायचा नाही. अंगात जंतू शिरले तर लढायला शिपाईच नसतात. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट पाहिली तर सकाळपर्यंत बीपी पडलेलं असू शकतं. रात्रीचे दोन वाजलेले असोत, १०८ बोलवा आणि नीट अँटिबायोटिक शिरेतून मिळेल अशा ठिकाणी पोचा.

घराच्या भिंतीवर एक कागद चिकटवा: किमोची तारीख, औषधांची नावं, कॅन्सर वॉर्डचा फोन. गावातल्या डॉक्टरला किमो झाल्याचं कळलंच नाही तर तो मलेरियाचा ताप समजणार, पावसाळ्यात तर नक्कीच. घरात थर्मामीटर ठेवा. पारा न वाचता आला तर बॅटरीचा घ्या. पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन काही रुग्णांना लागतं, ते चुकवू नका. केस जातात, मग येतात.

परतणं, आणि वावर विकण्याचा प्रश्न

दोन फेऱ्यांत खोकला थांबतो, सूज उतरते, भूक लागते, फोटो जवळपास स्वच्छ येतो. घरात सत्यनारायण होतो. आणि 'बरे झाले, आता कशाला त्रास' म्हणून पुढच्या तारखा चुकतात. तणनाशक मारल्यावर वावर आठ दिवसांत साफ दिसतं, पण हरळीच्या काड्या खाली जिवंत असतात, तसं हे. फेरे पूर्ण करायचेच. पूर्ण करूनही पसरलेल्या आजारात तो बहुतेकांना परततो, अनेकांना वर्षाच्या आत. हे घरच्यांना पहिल्या दिवशी सांगायला हवं. न सांगितल्याने पुढे डॉक्टरवरचा विश्वासही जातो आणि गाठीचे पैसेही.

मेंदूत लपून बसण्याची याला खोड आहे. म्हणून मर्यादित आजारात छाती साफ झाल्यावर डोक्याला प्रतिबंधक शेक द्यायची पद्धत आहे. १९९९ मधल्या एकत्रित विश्लेषणात त्याने तीन वर्षं जगणारे १५ वरून जवळपास २१ टक्क्यांवर गेले. बदल्यात स्मरणशक्ती थोडी मंदावू शकते. पसरलेल्या आजारात २०१७ च्या जपानी अभ्यासाने दाखवलं की वेळोवेळी एमआरआय करत राहिलं तर हा शेक टाळता येतो. पण दर तीन महिन्यांनी एमआरआय ज्याला जमणार नाही, त्याने डॉक्टरशी हे मोकळेपणी बोलावं.

आता इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं. मुलगा मोबाईलवर वाचून येतो आणि विचारतो, वावर विकायचं का? आकडेच सांगतो. पसरलेल्या आजारात किमोसोबत ॲटेझोलिझुमॅब दिलं तेव्हा, २०१८ च्या अभ्यासानुसार, आयुष्याच्या क्रमाने लावलेल्या रांगेत बरोबर मधल्या रुग्णाचं आयुष्य १०.३ महिन्यांवरून १२.३ महिन्यांवर गेलं. दोन महिने. पण पाच वर्षांनीही आठापैकी एखादा जिवंत होता, आणि नुसत्या किमोच्या काळात असे रुग्ण विरळाच. मर्यादित आजारात किमो-शेकानंतर दिलेल्या डुर्व्हालुमॅबने २०२४ मध्ये फरक बराच मोठा दाखवला: ३३.४ महिन्यांवरून ५५.९ महिने. म्हणून माझं मत: मर्यादित आजारात हे औषध परवडण्याचा प्रत्येक रस्ता शोधा, कंपनीची सवलत, ट्रस्ट, मुख्यमंत्री सहायता निधी, सगळं. पसरलेल्या आजारात विमा किंवा मदत असेल तर जरूर घ्या, पण त्यासाठी वावर विकू नका. नातवंडांच्या वाट्याची जमीन घालवून मिळणारे दोन महिने बाबालाही नको असतात. एकदा त्यालाच विचारून बघा. बहुतेक घरांत त्याच्यापासूनच सगळं लपवलेलं असतं आणि त्याला सगळं कळलेलं असतं.

आजार परतला तर किती दिवसांनी परतला त्यावर पुढचं ठरतं. तीन महिन्यांच्या वर गेले असतील तर तीच किमो पुन्हा चालू शकते. त्याआधीच परतला तर टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन अशी औषधं, ज्यांचा असर कमी आणि थोड्या दिवसांचा. टार्लाटामॅब नावाचं नवं इंजेक्शन रुग्णाच्याच टी-पेशींना कॅन्सरवर नेऊन सोडतं. अमेरिकेत त्याला मे २०२४ मध्ये मान्यता मिळाली, आणि दुसऱ्या फळीच्या किमोशी तुलना केल्यावर आयुष्य ८.३ वरून १३.६ महिन्यांवर गेलं. खेड्यातल्या रुग्णापर्यंत ते पोचायला अजून वेळ आहे.

हाडात गेलेल्या गाठीचं दुखणं एका-दोन शेकांनी पुष्कळ कमी होतं, तेवढ्यासाठी फेरी मारलेली वसूल होते. बाकी दुखण्याला आणि दम लागण्यालाही मॉर्फिन लागतं. २०१४ मध्ये कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त दवाखान्यांना ते ठेवणं सोपं झालंय, तरी तालुक्याच्या मेडिकल दुकानात मिळणार नाही; कॅन्सर केंद्रातून किंवा वेदनाशामक सेवेच्या ओपीडीतून महिन्याच्या गोळ्या एकदम लिहून आणा. सवय लागेल म्हणून अर्धी गोळी देऊ नका, ठरल्या वेळेला द्या, दुखायला लागायच्या आधी. आणि पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लिहून घ्या. मॉर्फिनने पोट साफ होत नाही, माणूस कुंथून बेजार होतो, आणि बहुतेक घरांत गोळी बंद पडते ती त्यामुळेच.